भालेरावांनी लाल गाडी रोजची केली

गारखेड्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. रविवारी सकाळी तिथं इस्त्रीची पँट घातलेले एक गृहस्थ गुडघे टेकून, डांबरावर वीत मांडून बसलेले दिसले तर घाबरायचं कारण नसे, ते आमचे भालेरावसाहेब असायचे. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस गतिरोधकाच्या पाया पडतोय. प्रत्यक्षात, काल रस्तेवाल्यांनी त्यावर आणखी एक थर तर चढवला नाही ना, एवढंच ते मोजत असत. मोजमाप पसंत पडलं की उठायचे, गुडघे झटकायचे आणि मागं उभ्या असलेल्या लाल गाडीत बसून ती तिरपी करून, एकेक चाक चढवत-उतरवत पलीकडं न्यायचे. खालून जरा खर्र झालं तर चेहरा असा व्हायचा, की घासलं ते गाडीचं नाही, यांचं पोट.

गाडी म्हणजे स्पोर्ट्‌स कार. दोन दारं, दोनच सीट, आणि बसकी इतकी की शेजारून गेलेल्या शेळीची नजर थेट आपल्या नजरेला भिडावी. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून त्यांनी ती जुनी घेतली. भालेरावसाहेब वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमचे प्रमुख, मी तिथंच स्टोअरला. त्यांचे वडील कन्नडकडं साखर कारखान्याचा ट्रक चालवायचे. एवढी शिकलीसवरली माणसं अशी गाडी का घेतात, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पवार, आमच्या घरात गाडी म्हंजे वझं. ऊस नाय तर पोती. मला लहानपणापासून एक अशी गाडी पायजे होती, जिच्यात कायच भरता येत नाय."

ती इच्छा अक्षरशः पुरी झाली होती. त्या गाडीत गव्हाचं पोतं सोडा, लग्नाच्या आहेराचं पातेलंही मावत नसे.

बरीच वर्षं गाडी फक्त रविवारी निघायची. सकाळी लवकर दौलताबादच्या घाटापर्यंत जायचं, परत यायचं आणि कव्हर घालायचं. आमच्याकडं नळ येतो त्या दिवशी घरोघरी पिंपं भरायची धांदल असते. भालेरावसाहेब स्वतःच्या अंघोळीतली अर्धी बादली गाडीसाठी वाचवून ठेवायचे आणि ओल्या फडक्यानं तिला असं पुसायचे, जसं तान्ह्या बाळाला पुसावं. बाकी सहा दिवस स्वतः कंपनीच्या बसनं, दांड्याला लटकून.

त्यांच्या पत्नी शोभावहिनी शहागंजातल्या एका शाळेत शिक्षिका. रोज स्कूटर घेऊन त्या गर्दीत शिरायच्या आणि बाहेर पडायच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, वापरायची नाही तर आणली कशाला? त्यावर साहेबांचं ठरलेलं उत्तर, "रोज वापरलं की वस्तूचा मान जातो." वहिनी म्हणायच्या, "मग मला का रोज वापरता?" इथं साहेब कव्हर नीट करायला उठायचे. कॉलनीतही दोन तट होते. ही गाडी रोजची नाही म्हणणारे आणि रोजची केलीच पाहिजे म्हणणारे. गणपतीच्या मीटिंगमध्ये वर्गणीपेक्षा या विषयावर जास्त वेळ जायचा.

आणि मग दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी साहेब माझ्या दारात उभे. म्हणाले, उद्यापासून बस सोडा, आपण दोघं गाडीनं जाऊ.

मला वाटलं चेष्टा आहे. पण ते गंभीर होते. म्हणाले, शोभाचं बरोबर आहे, वस्तू वापरायला असते. रोजचा तट जिंकला म्हणून कॉलनीत काही जणांनी पेढे खाल्ले. शोभावहिनींनी मात्र खाल्ला नाही. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, इतक्या वर्षांत माझं एक ऐकलं नाय. मग हेच कसं ऐकलं?"

मी हसण्यावारी नेलं.

त्या गाडीत बसायची एक पद्धत होती. आधी बूड, मग मान, मग एकेक पाय. माझ्या देहाला ती अंगवळणी पडायला आठवडा गेला. एकदा बसलं की क्रांती चौक, छावणी, गोलवाडी, वाळूज हा सगळा रस्ता चाकांच्या उंचीवरून दिसायचा. उसाची ट्रॉली शेजारून गेली की तिचं चाक माझ्या कानाशी फिरायचं. पाण्याचा टँकर पुढं असला तर सगळं पाणी आमच्या काचेवर. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसायचो. साहेब मान ताठ, नजर समोर, आणि तोंडात एकच वाक्य. "डावीकडं काय?"

"रिक्षा."

"अजून?"

"रिक्षामागं म्हैस."

असं वाळूजपर्यंत. सुरुवातीला मला वाटलं, रंगाला ओरखडा पडेल म्हणून हा जीव कासावीस होतोय. मीही कर्तव्य म्हणून डावी बाजू सांगत राहिलो. कारखान्यात पोचेपर्यंत घसा कोरडा पडायचा. लोक हेवा करायचे आणि मी आधी पाणी प्यायचो.

पण हळूहळू काहीतरी खटकायला लागलं. क्रांती चौकात डावीकडं उभ्या पोलिसानं हात केला होता, हे निघून गेले. शिटी ऐकून दचकले. एकदा कॉलनीतल्या शेजाऱ्यानं डावीकडून नमस्कार केला, यांनी ओळखच दिली नाही. मग कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना डावा आरसा खांबाला घासला. ज्या माणसानं गतिरोधक विती लावून मोजले, त्याच्या गाडीला हा पहिला ओरखडा. आता आकाश कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. साहेब उतरले, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "असू द्या."

त्या दोन शब्दांची मला जेवढी भीती वाटली, तेवढी उसाच्या ट्रॉलीची कधी वाटली नव्हती.

मी विचारायचं ठरवत होतो. पण विचारायच्या आधीच ते झालं. संध्याकाळी परत येताना, छावणीच्या वळणाला. पुढच्या ट्रकनं धुरळा उडवला, माझ्या डोळ्यात गेला, मी रुमालानं डोळा चोळत होतो. उघडून बघतो तर डावीकडून एक बाई स्कूटरवर थेट आमच्या पुढ्यात, आणि साहेब वेग कमी करत नव्हते. मी ओरडलो. त्यांनी ब्रेक मारला. गाडी किंचाळत थांबली. स्कूटर डगमगली, बाईनं पाय टेकला, म्हणून वाचली. पायाशी ठेवलेली तिची पिशवी रस्त्यावर पडली आणि टोमॅटो आमच्या चाकाखाली गेले.

ती हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "अंधे हो क्या चचा?"

साहेब उतरले. खाली वाकून हातानं चाचपत उरलेले टोमॅटो पिशवीत भरले, पिशवी तिच्या हातात दिली आणि हात जोडून म्हणाले, "हां बेटा. थोडासा."

तिला वाटलं हे चेष्टा करतायत. रागानं बघून ती निघून गेली. मला मात्र कळलं, की हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला.

गाडी कडेला घेतल्यावर त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. काचबिंदू होता. दिवाळीच्या आधी कळलं होतं. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडा गेल्या, डावीकडच्या जास्त. गेलेली नजर परत येत नाही, औषधानं उरलेली टिकवायची. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं.

मी संतापलो. म्हणालो, "आणि मला शेजारी बसवून रोज नेलंत?"

"तुम्ही होता म्हणून तर निघत होतो."

"आणि ती बाई? तिच्या शेजारी कोण होतं?"

ते चेहरा दोन्ही हातांनी झाकून बसून राहिले. मी गाडी घरी आणली. गिअर दोनदा करकरले, त्यांना ऐकू आलं नसावं. कॉलनीजवळ आल्यावर म्हणाले, शोभाला सांगू नका. मी म्हणालो, आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, मग बरोबर तरी चला.

वहिनी बैठकीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, मुलांचे पेपर तपासत बसल्या होत्या. साहेबांनी उभ्या-उभ्याच सांगितलं. छावणीच्या वळणाचंही, काही न लपवता. वहिनींच्या हातातला लाल पेन तसाच राहिला.

त्यांनी विचारलं, "डॉक्टर नको म्हणाले, आणि तुम्ही रोज काढली?"

"रविवार कमी पडायला लागले होते," साहेब म्हणाले.

मी चपला घालायच्या विचारात होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या,

"डोळ्यात औषध घालताय का?"

"घालतोय."

"मला कधी दिसलं नाय. कुठं असतं?"

"गाडीत," साहेब म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी गाडी लावल्यावर हे बराच वेळ आतच बसून असायचे. आम्ही कॉलनीतले लोक हसायचो, की साहेब गाडीचा निरोप घेतायत. हा माणूस काचा वर करून, मान मागं टाकून, एकटा डोळ्यात थेंब घालत होता.

वहिनी उठल्या, खाली गेल्या, गाडीतून ती इवलीशी बाटली घेऊन आल्या आणि फ्रिजवर ठेवली. म्हणाल्या, "आता मी घालीन." मग मला म्हणाल्या, "भाऊजी, चहा टाकते, बसा." आणि आत जाऊन रडल्या असाव्यात, कारण चहा यायला फार वेळ लागला.

साहेबांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईकही मिळालं. त्याचा फोन वहिनींनी उचलला आणि गाडी विकायची नाही म्हणून ठेवून दिला. साहेबांना काहीच विचारलं नाही. कार चालवायचं लायसन त्यांच्याकडं पूर्वीपासूनच होतं, सवय तेवढी नव्हती. मग रविवारी सकाळी स्टेडियमजवळच्या मोकळ्या मैदानावर त्या शिकू लागल्या. साहेब शेजारी बसून क्लच, ब्रेक सांगायचे आणि प्रत्येक झटक्याला डोळे मिटायचे. पण शहागंजात इतकी वर्षं स्कूटर घालणाऱ्या बाईला हे जड नव्हतं. महिन्याभरात त्या आमच्या कॉलनीत कुणाहीपेक्षा बऱ्या चालवायला लागल्या.

आता गाडी खरोखर रोजची झाली आहे. सकाळी वहिनी साहेबांना क्रांती चौकात सोडतात, तिथून ते आमच्या कंपनीच्या बसमध्ये चढतात. वहिनी तशाच पुढं शहागंजात जातात, आणि हातगाडीवाले म्हणे बाईंची गाडी आली म्हणून आपणहून वाट देतात. गाडीवर आता दोन-चार ओरखडे आहेत. भाजीची पिशवीही असते, साहेबांच्या मांडीवर.

मी गारखेड्यातूनच बसमध्ये बसतो. चौकाच्या अलीकडं सिग्नलला कधीकधी त्यांची गाडी आमच्या खिडकीखाली येऊन थांबते आणि वरून आतलं सगळं दिसतं. साहेबांना आता शेजारचं माणूस नुसत्या डोळ्याच्या कडेनं दिसत नाही. बघायचं तर सगळा चेहरा तिकडं वळवावा लागतो. वहिनी सिग्नलकडं बघत शाळेतलं काहीतरी सांगत असतात. साहेब पूर्ण वळून त्यांच्याकडं बघत असतात, आणि सिग्नल सुटला तरी मान पुढं करत नाहीत.