सुखरामची कुजबूज

रविवारी सकाळी सुखराम आरशासमोर उभा राहून हळू बोलायचा सराव करत होता. "नमस्कार, या, बसा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि भिंतीपलीकडून शेजारी त्याला सांगत होता की आता अंघोळ व्हायची आहे, नंतर येतो.

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये सुखरामचं अर्धं आयुष्य गेलं होतं. धान भरडणाऱ्या मशिनीच्या वर आवाज चढवल्याशिवाय तिथे माणसाला प्यायला पाणीही मागता येत नसे. सुटी झाल्यावर डबा घरी यायचा तसा तो आवाजही त्याच्यासोबत घरी यायचा. बायको होती तोवर ती नुसता हात खाली करायची आणि सुखराम वाक्याच्या मधूनच खालच्या पट्टीत यायचा. ती गेल्याला चार वर्षं झाली होती. आता हात खाली करणारं कोणी नव्हतं, आणि संध्याकाळी तो भाजीला काय फोडणी देतोय हे सगळ्या गल्लीला कळत असे, कारण एकटा असला की तो कढईशी बोलायचा.

त्याची मुलगी अपेक्षा लग्न होऊन भंडाऱ्याला गेली होती आणि तिथल्या दवाखान्यात नर्स होती. तिच्यासोबत रिता नावाची नर्स होती. रिता वरठीची. तिचा नवरा कारखान्यात पाळीला जायचा आणि घरात तिची सासू, सत्यभामाबाई, एकटी असायची. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रात्रपाळीत चहा पिता पिता या दोघींनी आपापलं दुःख सांगितलं आणि चहा संपायच्या आत ठरवलं की बाबांची आणि आईंची गाठ घालून द्यायची. घरी पोहे खाऊन होणारा कार्यक्रम नको, गल्ली जमा होते. त्यापेक्षा सहल काढायची. सकाळी भुयारी विहीर पाहायची, दुपारी रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात जेवायचं. तेवढ्यात काय ते कळेल.

अपेक्षाने वडिलांना सगळं खरं सांगितलं होतं. रितालाही सासूला सांगायचं होतं, पण तिची हिंमत झाली नाही. तिने फक्त मैत्रीण आणि तिचे बाबा सोबत आहेत एवढंच सांगितलं. ही गोष्ट अपेक्षाला निघतानाच पेट्रोल पंपावर रिताकडून कळली. तिने ती वडिलांच्या कानावर घातली नाही, कारण घातली असती तर पंपावरच्या सगळ्यांच्या कानावर गेली असती.

सुखराम गाडीत पुढे बसला. मागून सत्यभामाबाई म्हणाल्या, "नमस्कार, सुखरामभाऊ." अपेक्षाने गाडी उगाचच जोरात पुढे काढली. सुखरामने 'भाऊ' मनाला लावून घेतलं नाही. आपल्याकडे वाण्यालाही भाऊ म्हणतात, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याला भीती दुसरीच वाटत होती. बाई ताठ बसल्या होत्या, चष्म्यातून सरळ पाहत होत्या, आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

विहीर जंगलाच्या कडेला, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये होती. वरून पाहिलं तर जमिनीत नुसतं एक दार दिसायचं. आत पायऱ्या खाली खाली जात होत्या आणि तळाशी काळं पाणी, पाण्याच्या दोन्ही बाजूंना दगडी ओवऱ्या, वर कमानीचं छत. खाली उतरताच थंडावा अंगावर आला. पायऱ्यांवर कॉलेजातली दोन पोरं फोटो काढत होती.

अपेक्षाला वडिलांचं मत घ्यायचं होतं, म्हणून ती त्याला डाव्या ओवरीत घेऊन गेली. रिताला सासूला खरं काय ते सांगायचं होतं, म्हणून ती सासूला उजव्या ओवरीत घेऊन गेली. मध्ये एवढं पाणी होतं. इकडचं तिकडे ऐकू जाईल असं कोणालाच वाटलं नाही.

"मग, कशा वाटल्या?" अपेक्षाने विचारलं.

सुखरामने श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर कुजबुजला. स्वतःचाच इतका हळू आवाज ऐकून त्याला अभिमान वाटला.

"बाई चांगली हाय. पन मले भेव लागते. अशी पायते का आता पाढे म्हनाले लावन."

अपेक्षा हसली आणि पुढे काय म्हणून विचारू लागली. आता पुढचं खरं उत्तर असं होतं की संध्याकाळी दार उघडून घरात शिरताना सुखरामला रडू येई. पण हे मुलीला कसं सांगायचं? म्हणून त्याने सोपं उत्तर दिलं.

"पुढं काय? दोन टाइम गरम भाकर टाकून देनारी कोनी असली म्हनजे झालं. बायकोच पायजे असं थोडीच हाय."

त्या कमानीच्या छताने हे वाक्य अलगद उचललं, पाण्यावरून नेलं आणि एक अक्षरही न सांडता समोरच्या ओवरीत सत्यभामाबाईंच्या कानाशी ठेवलं.

मग सुखरामच्या अगदी खांद्यामागून बाईंचा आवाज आला. तो दचकून वळला तर मागे भिंत होती.

"रिता, हे कोनाच्या बायकोचं चालू हाय?"

रिता काहीतरी पुटपुटली. तेही जसंच्या तसं इकडे आलं. ती सांगणारच होती, आज सकाळीच सांगणार होती, पण चहा उतू गेला आणि राहिलं.

"म्हनजे मले दाखवाले आनलं होय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "एवढी जड झाली का मी तुले?"

"जड कायले होसान, आई? तुम्ही दिवसभर टीव्हीतल्या बायांशी बोलता. मी ड्युटीवरून येते तं तुम्ही त्यायले जेवाले विचारत राहता. मले पाहावत नाई."

रिता रडत होती हे इकडे नुसतं ऐकू आलं नाही, तिने नाक ओढलं तेही आलं. सुखरामला वाटलं, पाणी जवळच आहे, उडी घेतली तर बरं. तेवढ्यात बाईंनी थेट त्यालाच उद्देशून बोलायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या की भाकरीचाच प्रश्न असेल तर स्टेशनजवळ एक बाई डबे देते, तिचा नंबर त्यांच्याकडे आहे, आणि तिला कोणी पाहायला यायची गरज पडत नाही.

पायऱ्यांवरच्या पोरांनी फोन खाली केले.

"माफ करा, बाई," सुखराम म्हणाला. घाबरल्यामुळे तो हळू बोलायचं विसरला. मिलमधला पूर्ण आवाज त्या बंद दगडी पोकळीत सुटला आणि चारी बाजूंनी परत आला. छताला लटकलेली वटवाघळं एकदम उठली. पोरं किंचाळत वर पळाली. सत्यभामाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, एक पाऊल मागे टाकलं, आणि त्यांची एक चप्पल पायातून निसटून पाण्यात गेली. ती थोडा वेळ तरंगली. सगळे तिच्याकडे पाहत असतानाच बुडाली.

वर आल्यावर गाडीपर्यंतची वाट काट्यांची होती. सुखरामने आपल्या चपला काढून बाईंसमोर ठेवल्या आणि स्वतः अनवाणी पुढे चालू लागला. बाईंनी त्या घातल्या, पण माफ केल्याची कोणतीही खूण चेहऱ्यावर दिसू दिली नाही. मागे फटक फटक असा मोठ्या चपलांचा आवाज येत होता. एक काटा सुखरामच्या टाचेत गेला. तो काढायला थांबलो तर आपण सहानुभूती मागतोय असं दिसेल, म्हणून तो तसाच चालत राहिला.

गाडी एकच होती, त्यामुळे रागावून वेगळं जायची कोणालाच सोय नव्हती. अर्धा रस्ता गेला. मग अपेक्षाने घाबरत घाबरत विचारलं की टेबल सांगून ठेवलंय, पण सरळ घरी जायचं असेल तर तसं करू.

"जेवनाशी माहं भांडन नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या.

हॉटेलात रविवार आपल्या पूर्ण ताकदीने चालू होता. एका कोपऱ्यात ऑर्केस्ट्रा होता. तीन टेबलांवर तीन वाढदिवस होते आणि तिन्हीकडची लेकरं फुगे फोडत होती. वेटर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून ऑर्डरी ओरडत होते आणि आतून आचारी त्याहून मोठ्याने त्या चुकीच्या ठरवत होता. यांचं टेबल स्पीकरला लागून होतं. अपेक्षाने रिताला काहीतरी विचारलं, रिताने भलतंच उत्तर दिलं. दोघींनी पाटवडी रस्सा मागितला आणि वेटरने चिकन आणून ठेवलं. मग दोघींनी बोलायचा नाद सोडला.

सुखरामच्या मात्र सकाळपासून आवळलेल्या खांद्यांना पहिल्यांदा आराम पडला. हा तर मिलचाच आवाज होता. मिलमध्ये कान चालत नाहीत. तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलणं समजून घेतात, आणि सुखराम त्यात तरबेज होता. त्याने सहज मान वर केली तेव्हा समोर सत्यभामाबाई सुनेच्या कानाशी लागून बोलत होत्या. या गोंगाटात कोण ऐकतंय, अशा भरवशावर त्या बोलत होत्या. माणूस वाईट नाही, पण बोलायची अक्कल नाही. चपला मात्र लगेच काढून दिल्या.

"अक्कल नाईच हाय," सुखराम समोरून म्हणाला. "चपला राहू द्या तुमच्याजवळ."

बाईंचा घास हातात राहिला. तुम्हाला ऐकू आलं का, असं त्यांनी विचारलं. ऐकू नाही आलं, दिसलं, असं त्याने सांगितलं. आणि त्याचं बोलणं बाईंना ऑर्केस्ट्राच्या वरूनही स्वच्छ ऐकू येत होतं. एक तर तो आवाजच तसा होता, आणि दुसरं म्हणजे खोलीभर लेकरं एकदम रडत असताना कोणाचं पोट दुखतंय आणि कोणाला नुसती आई पाहिजे हे ओळखण्यात त्या बाईचा जन्म गेला होता.

मग त्या गदारोळात ही दोघंच तेवढी बोलत राहिली. सुखरामने कढईची गोष्ट सांगितली. संध्याकाळी दार उघडायची गोष्टही सांगितली, जी मुलीला सांगता आली नव्हती. भाकरीचं आपण लाजेने बोललो, असं तो म्हणाला. बाईंनी टीव्हीतल्या बायांचं कबूल केलं. सून गुणाची आहे, म्हणूनच आपण तिला ओझं होऊ याची भीती वाटते, असं त्या म्हणाल्या. आणि एक गोष्ट त्यांनी आत्ताच सांगून टाकली. अंगणवाडीत इतकी खिचडी ढवळली आहे की आता पळी हातात घ्यावीशी वाटत नाही. ज्याला सैपाकवाली पाहिजे त्याने दुसरं घर पाहावं. हे सांगताना त्यांनी मान खाली घातली.

अपेक्षा आणि रिताला यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की बाबा टेबलावर वाकून हातवारे करताहेत आणि आई लाल होऊन मान खाली घालून बसल्या आहेत. विहिरीतलं भांडण पुन्हा पेटलं, असंच दोघींना वाटलं. अपेक्षा उठली, टेबलांमधून वाट काढत स्टेजपर्यंत गेली आणि गाणाऱ्या माणसाला हात जोडून म्हणाली की घरात फार मोठं भांडण होऊन राहिलं आहे, जरा बंद करा. तो बिचारा बायकोमुलांचा माणूस होता. त्याने हात वर केला आणि सगळी वाद्यं एका झटक्यात थांबली.

"सैपाक मी करीन. तुम्ही फक्त समोर बसून बोलत राहा."

हे वाक्य हॉटेलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं. आचाऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पहिल्या वाढदिवसाच्या टेबलावर एका बाईने चमचा खाली ठेवला आणि आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाहिलं. मग तिच्या पलीकडची. एका नवऱ्याने जेवण अर्धं असताना बिल मागवलं.

सुखराम तसाच वाकलेल्या अवस्थेत थिजला होता. शेवटी गाणाऱ्यानेच वेळ सांभाळून घेतली. काकांसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या, असं म्हणून त्याने इशारा केला, आणि ढोलकीपासून सगळं पुन्हा दणक्यात सुरू झालं. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचे चार तुकडे यांच्या टेबलावर आले.

त्या दणक्यात सत्यभामाबाई काहीतरी बोलल्या. फार नाही, चार-पाच शब्द असतील. वर न पाहताच बोलल्या. अपेक्षा स्टेजकडून येत होती आणि रिता शेजारीच बसली होती, पण दोघींनाही ऐकू आलं नाही. सुखरामने ते नीट पाहिलं, मान हलवली आणि केकचा तुकडा उचलला.

वरठीला रिता आणि बाई उतरल्या. चपला बाईंच्या पायातच राहिल्या. कोणी मागितल्या नाहीत, कोणी परत केल्या नाहीत. रिताने गाडीच्या खिडकीतून अपेक्षाला डोळ्यांनीच विचारलं आणि अपेक्षाने खांदे उडवले.

तुमसरच्या रस्त्यावर अपेक्षाने तीनदा विचारून पाहिलं. "बाबा, त्या काय म्हणाल्या? सांगा ना." सुखराम अनवाणी पाय पुढे पसरून खिडकीबाहेरच्या धानाच्या गंज्या पाहत होता. बाईंना राग आला असेल, आपणच घोळ घातला, म्हणून अपेक्षाचा जीव खालीवर होत होता. रेल्वे फाटक लागलेलं होतं. तिने गाडी बंद केली.

"पोरी," सुखराम म्हणाला, "ते कचेरीत लगन लावतेत, त्याले साक्षीदार किती लागते?"

"तीन लागतात. काहून?"

"दोघी तं तुम्ही झाल्या. जवाईबापूले एक दिवस सुटी भेटन का, पाहून सांगजो."