कोणाच्या खर्च्यानं?

कर्ज कंपनीचा एजंट दारात दिसला की आमच्या भाऊसाहेबांना उपास लागतो. साधासुधा नव्हे, चहाही न चालणारा! आमच्या परतूरच्या कॉलेजात ते शैक्षणिक कर्जाच्या खिडकीवर बसतात. ॲडमिशनच्या दिवसांत एजंटांची रीघ लागते आणि भाऊसाहेब वाळून निम्मे होतात.

फुकटची डायरी, कॅलेंडर, पेन, काहीही पुढे करा. ते म्हणणार, "बराबर हाय. पण कोणाच्या खर्च्यानं?" मी एकदा भजी पुढे केली, तर मलाही तेच विचारलं. माझ्याच पैशांची आहेत अशी बायकोची शपथ घेतली तेव्हा कुठे एक उचललं.

मागच्या जुलैत त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा खोका दिसला. नाव नाही, चिठ्ठी नाही. सकाळीच एका कर्ज कंपनीचा एजंट येऊन गेला होता. भाऊसाहेबांनी तो एसटीच्या कंडक्टरबरोबर थेट जालन्याला, कंपनीच्या ऑफिसात परत पाठवला. पेढे होते प्राचार्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे.

कंपनीचे मॅनेजर गहिवरले. कॉलेजकडून पहिल्यांदाच काही गोड आलं होतं! दुसऱ्या दिवशी ते पाण्याचा कूलर घेऊन हजर. खूश होऊन प्राचार्यांनी कंपनीच्या माणसाला भाऊसाहेबांशेजारी खुर्ची दिली. बँकांचे कमी व्याजाचे फॉर्म कपाटात गेले.

भाऊसाहेबांनी ती खुर्ची तीनदा व्हरांड्यात नेऊन ठेवली. शेवटी फर्मान निघालं: कंपनीचा माणूस बसेल, नाहीतर भाऊसाहेब रेकॉर्ड रूममध्ये. समजूत घालायला मला धाडलं. मी कूलरचं गार पाणी पिऊनच गेलो, खोटं कशाला बोलू?

"बसू द्या ना भाऊसाहेब कोपऱ्यात. काय बिघडतंय?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सर, माझ्या भाचीला मीच एका कंपनीकडं धाडल्तं. माणूस लई गोड. दर दिवाळीला घरी यायचा. व्याज किती, म्या विचारलंच न्हाई. त्याचं खाऊन बसल्तो, विचारायची लाज वाटली. हप्ते झेपंनात, पोरीचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं. बहीण तवापासून माझ्याशी बोलत न्हाई."

मला माझीच लाज वाटली. त्यांनी खिडकीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मी जातो रेकॉर्डात. पर उद्या कुंभार पिंपळगावची एक पोरगी येणार हाय, बापाला घेऊन. बाप सहीची घाई करंल. तुम्ही तेवढं थांबा इथं. तिला म्हणावं, आधी सगळं मोठ्यानं वाच. माझ्या भाचीला म्या तेवढंबी म्हणलं न्हाई."