सक्सेनाजींच्या पानाचा तपास

डाग बघून गुन्हेगार सांगण्यात माझा हात धरणारं अख्ख्या लखनौत कोणी नाही! अठरा वर्षं मी विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासते. "मॅडम, गाय आडवी आली," असं सांगणाऱ्याचा बंपर मी निरखून बघते आणि विचारते, "गाय हिरव्या रंगाची होती का हो? हा ऑटोचा रंग लागलाय." माणूस तिथेच पाणी पाणी!

त्यामुळे जूनमधल्या एका सकाळी आमच्या तीन आठवड्यांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीवर तांबडे-जांभळे शिंतोडे दिसले, तेव्हा मी घाबरले नाही. चष्मा लावला आणि वाकले.

"थेंब गोल आहेत, म्हणजे सरळ वरून पडलेत. मधे चघळलेला चोथा. ताजा!"

वर पाहिलं. वृंदावन योजना नावाच्या कॉलनीत आम्ही तळमजल्यावर राहतो. गाडी जिथे लावतो, त्याच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची बाल्कनी. आणि त्या बाल्कनीचे मालक कोण? मधुसूदन सक्सेना! निवृत्त पोस्टमास्तर. लोक श्वास घेतात तसं हे गृहस्थ पान खायचे.

"पान!" मी निकाल दिला.

"अगं, त्यांनी मार्चमध्येच सोडलंय," श्रीपत म्हणाला. माझा नवरा रेल्वेत आहे, घाईने कुठलाही निष्कर्ष काढत नाही.

"सोडलेलं पान लोक परत धरतात! हे तंतू बघ. सुपारी!"

"आणि ह्या जांभळाच्या बिया?"

जमिनीवर दोन बिया पडल्या होत्या. मी त्या चपलेने बाजूला सारल्या. कॉलनीतली मुलं दिवसभर जांभळं खातात. उगाच तपास भरकटवायचा नसतो!

आता लखनौमध्ये भांडणसुद्धा तबकात मांडून, वर्ख लावून द्यावं लागतं. संध्याकाळी मी सक्सेना भाभीजींना जिन्यात गाठलं आणि साखरेत घोळवून म्हणाले, "भाभीजी, भाईसाहब का पान ज़रा नीचे आ रहा है."

मला वाटलं, त्या हसतील. त्यांचा चेहरा मात्र उतरला. हातातली सब्जीची पिशवी त्यांनी पायरीवरच ठेवली.

"पान? आपने देखा?"

"पान नहीं, निशान देखे," मी अभिमानाने म्हणाले.

त्या पिशवी तिथेच सोडून वर गेल्या. पाच मिनिटांत आमच्या छतावर कपाटं उघडण्याचे, ड्रॉवर ओढण्याचे, डबे पालथे करण्याचे आवाज सुरू झाले. प्राप्तिकराची धाड परवडली!

दुसऱ्या दिवशी गाडीवर पुन्हा शिंतोडे! माझा तोल गेला. फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, "कृपया बालकनी से पान न थूकें." मी नाव लिहिलं नव्हतं, पण आमच्यावर बाल्कनी एकच आहे!

त्या संध्याकाळी भाभीजी खाली आल्या. डोळे सुजलेले. मार्चमध्ये सक्सेनाजींच्या तोंडात पांढरा चट्टा निघाला होता, त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आजच पान सोडा, नाहीतर पुढचं मी सांगू शकत नाही. सक्सेनाजींनी भाभीजींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

"कल से टॉर्च लेकर मुँह देख रही हूँ. कहते हैं, नहीं खाया. पर आप तो एक्सपर्ट हैं, ना? कल मैं भाई के यहाँ सीतापुर जा रही हूँ. झूठे आदमी के साथ नहीं रहूँगी."

एका बोनटपायी मी चाळीस वर्षांचा संसार मोडायला काढला होता! आणि माणूस खरोखरच चोरून खात असेल, तर ते त्याहून वाईट. रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी दाराशी सक्सेनाजी उभे. पांढरा कुर्ता, नजर खाली.

"बहनजी, एक दरख़्वास्त है. दाग़ सुबह दिखते हैं, यानी शाम के बाद पड़ते हैं. आज शाम आप मेरे सामने बैठिए और मेरे मुँह पर नज़र रखिए. उसके बाद जो सज़ा दें, मंज़ूर."

शिक्षा कसली देणार! त्या माणसाने मला 'बहनजी' म्हटलं, तिथेच मी अर्धी झाले. भाभीजींनीही सीतापूर एका दिवसाने पुढे ढकललं.

साडेसहाला गाडी मागे घेतली, बाल्कनीखाली खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीत सक्सेनाजी, समोर मी. बाजूला भाभीजी टॉर्च घेऊन, पलीकडे श्रीपत आणि आमची दीप्ती. ती बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत!

दुसऱ्याच्या नवऱ्याच्या तोंडाकडे तासभर टक लावून बघणं किती अवघड असतं, ते सांगून कळायचं नाही. त्यांना जांभई आली तरी भाभीजी टॉर्च मारायच्या! श्रीपतने मधे चहा आणला. सक्सेनाजी म्हणाले, "नहीं भाई, बाद में कहेंगे चाय में कुछ मिला था."

सूर्य मावळला. अंधारून आलं. साडेसात झाले असतील.

टप्प!

माझ्या कपाळावर काहीतरी गार, ओलं, चिकट पडलं. सक्सेनाजींचं तोंड माझ्यासमोर घट्ट मिटलेलं!

"मम्मी, हिलना मत," दीप्ती कुजबुजली. तिने भाभीजींचा टॉर्च हळूच वर वळवला, त्यावर ओढणी धरली.

बाल्कनीच्या तळाला एक जुनी कडी आहे. तिला एक वटवाघूळ उलटं लटकलं होतं. मुठीएवढं, कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, आणि अंगठ्याने छातीशी धरलेलं टपोरं जांभूळ! ते चावायचं, गाल फुगवून रस ओढायचं आणि चोथा थुंकायचं. बी टाकली आणि भुर्रकन कालव्याकाठच्या जांभळाच्या झाडाकडे गेलं. पाच मिनिटांत दुसरं जांभूळ घेऊन हजर!

"वो पेड़ पर बैठकर नहीं खाता," दीप्ती म्हणाली. "वहाँ उल्लू का डर, दूसरों की छीना-झपटी. एक-एक फल तोड़कर महफ़ूज़ जगह लाता है. सिर्फ़ रस पीता है, बाकी थूक देता है."

"म्हणजे पान खातात तसंच की!" श्रीपत म्हणाला.

भाभीजी आधी हसल्या, मग हसता हसता रडायला लागल्या. सक्सेनाजींचा हात त्यांनी सगळ्यांसमोर धरला. "मैंने आपकी बात नहीं मानी," त्या एवढंच म्हणाल्या. सक्सेनाजी वर बघत राहिले. "तीन महीने से तरस रहा हूँ, और ये साहब मेरे ही घर के नीचे बैठकर थूकते हैं!"

मी उठले, कपाळ पुसायचं विसरून हात जोडले. "भाईसाहब, माफ़ कर दीजिए."

"अरे बहनजी, इसे मत भगाइएगा. इसके लिए भी तो यही एक महफ़ूज़ जगह है."

हाकलते कशी! गाडी मी त्याच रात्री गल्लीच्या टोकाला, भर उन्हाच्या जागेवर नेऊन लावली. भाभीजींनी सीतापूरला फोन करून सांगितलं, की येत नाही.

उरला ग्रुप. बदनामी जाहीर केली, तर माफीही जाहीरच हवी! मी तिथेच बसून लिहिलं, "दाग़ पान के नहीं थे, जामुन के थे. सक्सेनाजी बिल्कुल बेक़सूर हैं. मेरी ग़लती थी, माफ़ी चाहती हूँ. असली गुनहगार एक चमगादड़ है."

मन हलकं झालं. मिनिटभरात पहिलं उत्तर आलं, कॉलनीच्या सेक्रेटरींचं,

"मैडम, ग्रुप में गाली-गलौज न करें. सीधे फ़्लैट नंबर बताएँ."