एकशे अठ्ठ्याहत्तर नंबरचा लाडका

वाईट प्रोग्रॅम मला नुसत्या वासावरून ओळखता येतो, असं मी २००३ साली अंबडच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. आणि देवरामभाऊंच्या प्रोग्रॅमला चांगलाच वास येत होता!

देवरामभाऊ टाइम ऑफिसचे क्लार्क. कुठल्याशा क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकले आणि एकशे ऐंशी माणसांच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने लिहिला. दर शनिवारी त्यातून पुढच्या आठवड्याचा चार्ट निघायचा. तक्रार कधी आली नाही. पण आत डोकावलं, तर अकराशे ओळींचं एकच सलग फंक्शन! प्रिंट काढली असती, तर कागद ऑफिसच्या दारातून निघून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला असता.

मी इंजिनियर, ट्रेनी म्हणून लागून अकरा महिने झालेले. पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचं होतं आणि अट एकच होती: वर्षभरात एकही लेटमार्क नको. माझा एकही नव्हता. त्यामुळे आता काहीतरी करून दाखवावं, अशी खाज सुटली.

मॅनेजर धनराजसाहेबांना मी ऐकवलं, की एका फंक्शनने एकच काम करावं आणि ते एका स्क्रीनवर मावावं. या अकराशे ओळींचे छोटे तुकडे करते, प्रत्येकाला नीट नाव देते, मग शेंबडं पोरही वाचेल.

"चार्ट तोच आला पाहिजे," साहेब म्हणाले.

"अगदी तोच येईल सर."

देवरामभाऊंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याही कानावर घातलं. ते पान लावत होते. म्हणाले, "करा की ताई. फक्त मधल्या भागाला हात लावू नका. तिथं लय भानगडी हायेत."

भानगडी! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं बिचाऱ्यांनी.

त्या मधल्या भागात तीनशे ओळी नुसत्या जर-तरच्या होत्या. माणसांना नावं नाहीत, भाऊंनी स्वतःच दिलेले क्रमांक, कार्डाच्या नंबराशी त्यांचा काही संबंध नाही. १०४ आणि ११७ एका पाळीत नकोत. ६२ कायम सकाळी. १७८ला तर सातची नाही, तीनची नाही, बारा महिने नऊची! हा कोणीतरी साहेबांचा लाडका दिसतोय, असं म्हणून मी त्याची ओळ जरा जास्तच जोरात उडवली. अशा तीनशेच्या तीनशे ओळी काढून टाकल्या; हे नंबर कोणाचे, ते बघायचे कष्ट काही घेतले नाहीत.

शनिवारपर्यंत सेहेचाळीस सुबक फंक्शनं तयार झाली. एकही वीस ओळींच्या वर नाही. पूर्वी सातला सत्त्याऐंशी, तीनला ब्याण्णव आणि नऊला तो लाडका असा गबाळा हिशेब यायचा. आता नव्वद आणि नव्वद! मी खुशीत जुनी फ्लॉपी पुसली आणि तिच्यावर नवा प्रोग्रॅम घेतला. चार्ट बोर्डावर लावला आणि घरी जाऊन आईला सांगितलं, की मुलगी पर्मनंट झालीच म्हणून समज.

सोमवारी चांदवडहून निघून पावणेनऊला गेटवर पोचले, तर अख्खी सकाळची पाळी कँटीनपुढे उभी. चहा नव्हता. कारण ६२ म्हणजे सावळीराम, आणि कँटीनचा स्टोव्ह सावळीरामशिवाय कोणालाही पेटवता येत नाही. नव्या चार्टाप्रमाणे तो तीनला येणार होता. पलीकडे दत्तूचं मशीन बंद. दत्तू आणि भिका, म्हणजे १०४ आणि ११७, हे त्र्यंबककडचे सख्खे भाऊ. लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून विहिरीवरची मोटर चालू करायला दोघांतला एक नेहमी घरी लागतो. दोघांनाही सातची पाळी लागल्यावर दत्तू सरळ घरीच राहिला होता.

मी पंच करायला कार्ड पुढे केलं. वॉचमनने चार्ट बघितला आणि शांतपणे लेटमार्कचा लाल शिक्का मारला.

"अहो, हे काय? माझी वेळ नऊची आहे."

"चार्टात सातची हाय मॅडम."

माझं नाव चार्टात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर तो लिहिणारी!

धनराजसाहेबांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. जुनी फ्लॉपी मागितली. मी पुसल्याचं सांगितलं. शेवटी देवरामभाऊ खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि पान चघळत तीनशे ओळी तोंडपाठ सांगायला लागले. प्रत्येक नंबरामागे एक माणूस आणि त्याची अडचण. मी मान खाली घालून टाइप करत होते.

"एकशे अठ्ठ्याहत्तर. कायम नऊ."

"भाऊ, हा लाडका आहे तरी कोण?"

"तुमीच की ताई." ते म्हणाले, "चांदवडची पयली गाडी धरली तरी तुमी साडेआठच्या आत अंबडला पोचत नाय. तुमी लागल्या त्याच दिवशी ओळ टाकली व्हती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा महिने माझं रेकॉर्ड स्वच्छ होतं ते त्या एका ओळीमुळे, आणि ती ओळ मीच पुसली होती.

लाल शिक्का काही पुसता आला नाही. पर्मनंटचं पत्र तीन महिने पुढे गेलं. प्रोग्रॅम मात्र माझाच चालू राहिला: सेहेचाळीस छोटी, सुबक फंक्शनं आणि एक सत्तेचाळिसावं. ते तीनशे ओळींचं आहे, एका स्क्रीनवर अजिबात मावत नाही. परवा आलेल्या नव्या ट्रेनीने मला ऐकवलं, की या फंक्शनला वास येतोय. मी त्याला पहिली ओळ वाचायला सांगितली. 'हात लावू नये', आणि खाली माझी सही.