विमानाचं माप

शिंप्याला टोपी घालणं सोपं नाही! गिऱ्हाईक म्हणतं, "कंबर बत्तीस." मी ऐकतो कुठे? टेप गुंडाळतो. छत्तीस भरते! उभ्या जन्मात मी कुणाच्या सांगण्यावर कापड कापलेलं नाही. मग विमान कंपनीच्या सांगण्यावर घराबाहेर का पडावं?

थोरली बहीण तीन वर्षांनी येणार होती. तिचा कोट माझ्या हातून घट्ट झाला होता आणि वर मी म्हणालो होतो, "कोट बरोबर आहे ताई, तूच सुटली आहेस." तेव्हापासून अबोला! आता आईने हट्टच धरला, की डोळे मिटायच्या आत दोघांना एका टेबलावर जेवताना बघायचंय. ताई आईसाठी तयार झाली, पण अट घातली: मी स्वतः विमानतळावर न्यायला यायचं.

तिकिटावर प्रवास दीड तासाचा होता. मी दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशाला टेप लावला. टोक तिच्या विमानतळावर, बोट आमच्या विमानतळावर. किलोमीटर काढले, विमानाच्या वेगाने भागले. चांगले अडीच तास!

"चोर लेकाचे!" मी ओरडलो. "दीड तासात विमान येतंय की त्याचं भूत?"

"अहो, तिकिटावर छापलंय," काजं करता करता बायको म्हणाली.

"छापायला काय जातंय? लवकर बोलावून ताटकळत ठेवायचं आणि महागाची कॉफी गळ्यात मारायची!"

मी निवांतपणे एक पँट शिवायला घेतली. तेवढ्यात ताईचा फोन.

"अरे, आहेस कुठे? मी बाहेर येऊन उभी आहे!"

"शक्यच नाही! तू अजून हवेत आहेस!"

"माझे पाय जमिनीवर आहेत!"

"मग भलत्याच गावी उतरवलंय तुला! पाटी वाच!"

"मूर्खा!" म्हणून तिने फोन आपटला. माझं डोकं सणकलं. अडाणी कोण, मी की विमान कंपनी?

बायकोने टेप उचलला. "अहो, याचं झिजलेलं टोक मी काल कापलंय. हा चारपासून सुरू होतो."

"मग सांगायचं नाही?"

"सकाळीच सांगत होते. तुम्ही म्हणालात, मला कुणी काही सांगायचं नाही!"

मी धावतपळत विमानतळ गाठला. ताई गायब! तणतणत घरी आलो, तर ती टॅक्सीने येऊन टेबलाशी बसलेली.

"आला मापाडी!" तिने तोफ डागली. कोट, फोन, लहानपणी फोडलेली तिची बाहुली, काही म्हणता काही सोडलं नाही. मीही गप्प बसणाऱ्यांतला नाही. वाढप होईपर्यंत आम्ही एकमेकांवर खच्चून ओरडत होतो.

आई मात्र खुशीत जेवत होती. "भांडताहेत म्हणजे बोलताहेत," ती सुनेला म्हणाली आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मग माझ्याकडे वळली. "उद्या हिला विमानतळावर तूच सोड. किती वाजता निघायचं तेही तूच मोजून काढ. तेवढीच पोर चार दिवस जास्त राहील!"

ताईने उष्ट्या हातानेच टॅक्सीवाल्याला फोन लावला.