मातोश्रींस डोंगरमाथ्यावर नेण्याकामी जीप उंच केली त्या मोहिमेची हकीकत

श्री. तमाम लहानथोर, घरमालक, भाडेकरू, मोटारस्वार व पायदळ यांसी जाहीर व्हावे जे, चष्म्यांचे दुकानदार, परदृष्टिरक्षक, अर्धांगीवचनभीत, राजमान्य राजेश्री चष्मेवाले सरकार यांणी आपली जुनी जीप घरचेच अंगणात, घरचेच हत्यारांनी, खिशास फार तोशीस न लावता उंच व बळकट केली, त्या मोहिमेचा मजकूर येथे लिहिला आहे. जेथे मार खाल्ला तेथे मार खाल्ला ऐसेच लिहिले आहे. झाकोन ठेवावे तर शेजारी गच्चीतून सर्व पाहतच होते.

मोहिमेचे कारण ऐसे की, सरकारांच्या मातोश्री आईसाहेब यांच्या थोरल्या भगिनी, मावशीसाहेब, डोंगरमाथ्यावर आपले घर धरोन राहात. मावशीसाहेबांस कंबर खाली उतरू देईना आणि आईसाहेबांस गुडघे वर चढू देईनात, आणि मधली वाट ऐसी दगडाधोंड्यांची की भाड्याच्या मोटारी पहिल्या वळणावरच हात जोडोन परत फिरत, आणि मग दोघी बहिणी फोनवर एकमेकींस "ऐकू येतंय का?" इतकेच विचारोन दमोन जात. आईसाहेबांनी थोरलीसाठी जांभळ्या लोकरीचा स्वेटर विणिला होता, आणि तो आपल्या हातांनी तिच्या अंगात घालावा एवढीच त्यांची मनीषा. सरकारांनी अभयवचन देवोन जीप काढिली, आणि अर्ध्या वाटेवर एका आडमुठ्या दगडाने जीपचे पोट ऐसे धरिले की चाके जागीच फिरली, धूळ उडाली, सरकारांची अब्रूही उडाली, आणि मग उलट्या गिअरात माघार घेणे प्राप्त जाले. घरी येवोन आईसाहेबांनी स्वेटर पुन्हा घडी करोन कपाटात ठेविला. सरकारांनी ते दारातून पाहिले आणि त्यांचा जीव तुटला.

मग स्वयंपाकघराच्या दारात खलबत जाले. सरकारांनी अर्ज केला की, गनीम म्हणजे एक दगड, त्याहून जीप उंच केली की रान मोकळे. त्यावर सरकारांच्या अर्धांगी राणीसाहेब यांचा हुकूम सादर जाला की, त्या डबड्यावर घरखर्चातील दमडी पडणार नाही, नवे काही विकत आणिल्यास अंगणातच मुक्काम करावा, आणि स्वयंपाकघरातील कोणत्याही जिनसेस हात लावू नये. सरकारांनी हुकूम शिरसावंद्य मानिला, आणि त्याच दुपारी स्वयंपाकघराच्या माळ्यावरचे डबे काढावयाचे दोन पायऱ्यांचे लोखंडी स्टूल बगलेत मारोन अंगणात नेले, कारण चाकाशी बसावयास आसन नाही म्हणजे सरदारकीस शोभा नाही.

पुढे रसदीची तजवीज केली. भंगारवाल्याकडोन लोखंडी पट्ट्या आणिल्या, त्या चाकांवरील स्प्रिंगच्या कमानींच्या टोकांस लाविल्या म्हणजे गाडीचे धड वर उचलेल ऐसा बेत. पंक्चरवाल्याकडोन जुनी पण धिप्पाड चाके आणिली. मोडक्या पलंगाचा पाइप वाकवोन जीपच्या मुखावर चिलखत घातले. न्हाणीघराच्या कामातून उरलेला पाइप बॉनेटच्या कडेस उभा केला, की नदी ओलांडतेसमयी इंजिनास वरोन श्वास घेता यावा. आता त्या वाटेवर नदी नाही, ओढाही नाही, आणि पाइप आत कोठे जोडिलाही नव्हता. परंतु दिसावयास फार शूर दिसे. राणीसाहेब कपडे वाळत घालावयास आल्या, पाइप पाहिला, आणि "आता नळ कुठे बसवणार?" एवढेच पुसोन गेल्या.

खरी लढाई कमानीच्या बोल्टापाशी जाली. बोल्ट जुना, गंजलेला, हट्टी, आणि बापजन्मी जागचा न हललेला. सरकार सकाळी गाडीखाली पाठ टेकोन शिरले आणि मोर्चे लाविले. आधी रॉकेल पाजिले, मग हातोड्याने समजाविले, मग पान्ह्यास लांब पाइप जोडोन सर्व जोर लाविला, आणि दात ओठ खावोन, देव आणि देवाचे बाप आठवोन पिळिले. बोल्ट रेसभर हलेना. आईसाहेब ओट्यावर खुर्ची टाकोन शेंगा सोलीत हे सर्व पाहात होत्या. सरकार मधून मधून तोंड बाहेर काढोन "आता येतोच बघ, आई," ऐसे सांगत, आणि आईसाहेब मान हलवीत. ऐसी सकाळ सरली. मग पाणी प्यावयास उठले असता सरकारांच्या ध्यानी आले की, आपण ज्या बाजूने पाहतो त्याच्या उलट बाजूस नटाचे तोंड आहे, आणि म्हणोन आपण सोडवीत नव्हतो, सकाळभर आवळीत होतो. सरकारांनी चहूकडे पाहिले. आईसाहेब शेंगांतच गुंतल्या होत्या. मग सरकार पुन्हा खाली शिरले, पान्हा उलटा फिरविला, आणि बोल्ट जो सुटला तो कपाळावर येवोन पडला. "सुटला!" ऐसी गर्जना करोन सरकार टेंगळासह बाहेर आले आणि हा पराक्रम निव्वळ मनगटाचा ऐसे जाहीर केले.

पुढे काम भराभर चालिले. राणीसाहेब रोज स्टुलाची मागणी करीत आणि सरकार रोज उद्याचा वायदा देत, आणि स्टूल रोज अधिक काळे होत गेले. अखेर जीप उभी राहिली ती ऐसी उंच की तिजखालोन मांजर शेपूट ताठ करोन जावे. सरकारांनी छडी घेवोन पायवाटेने जावोन गनीम दगडाची उंची मोजिली होती, ती छडी आता जीपच्या पोटाखालोन आरपार फिरविली, आणि मग एकटेच स्वारी करोन दगड ओलांडोन आले. कोठे खुट्ट जाले नाही. सरकारांची छाती ऐसी फुगली की सदऱ्याचे बटण लावणे कठीण जाले.

मग रविवार उजाडला. आईसाहेबांनी ठेवणीतील साडी नेसली, स्वेटर पिशवीत घेतला, आणि लेकाच्या हातास धरोन जीपपाशी आल्या. सरकारांनी दार उघडोन "या, आईसाहेब," ऐसे मोठ्या थाटाने म्हटले. आईसाहेबांनी दांडा धरिला, पाय उचलिला, आणि पाय वर पोहोचेना. दुसरा उचलिला, तोही पोहोचेना. गुडघा मधेच अडोन राही आणि तोंडातोन "आई गं" ऐसे निघे. सरकारांनी दगड मोजिला, पोट मोजिले, छडीसुद्धा मोजिली. ज्या गुडघ्यांकरिता सर्व उठाठेव, ते मोजावयाचे राहिले. दिवसभर लोकांस दूरचे स्वच्छ दाखविणाऱ्यास हातभर अंतरावरचे दिसले नाही.

आईसाहेबांनी पाय खाली घेतला, पिशवी लेकाच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "जाऊ दे रे. तूच देऊन ये. माप तिला बरोबर बसेल." आणि हसल्या. ते हसणे सरकारांस फार लागले. त्यांणी खाली पाहोन उगाच चाकास लाथ मारिली.

तो राणीसाहेब तेथे आल्या. त्यांणी जीप पाहिली, सासूबाईंचे गुडघे पाहिले, नवऱ्याचे तोंड पाहिले, आणि चाकाआड पडलेले आपले काळे जालेले स्टूल उचलोन दाराखाली मांडिले आणि वर जुना टॉवेल पसरिला. आईसाहेब पहिली पायरी चढल्या, मग दुसरी चढल्या, आणि मग सहजच आत जावोन बसल्या. "हे घे बरोबर," राणीसाहेब म्हणाल्या, "तिकडे उतरायचं आहे ना त्यांना?" सरकारांनी स्टूल पलंगाच्या चिलखतास दोरीने बांधिले, राणीसाहेबांस मागे बसविले, आणि कूच केले.

वाटेत गनीम दगड आला. जीप त्यावरोन ऐसी गेली की आईसाहेबांनी विचारिले, "तो दगड कधी येणार?" सरकारांस त्या शब्दांनी धन्य वाटिले.

मावशीसाहेब काठी टेकीत अंगणात आल्या. स्टूल सोडोन मांडिले, आईसाहेब उतरल्या, आणि दोघी बहिणी एकमेकींस धरोन राहिल्या. मग आईसाहेबांनी आपल्या हातांनी स्वेटर थोरलीच्या अंगात घातला, बाह्या ओढिल्या, खांदे बसविले. बाह्या चार बोटे लांब जाल्या होत्या. मावशीसाहेब त्या दुमडोन म्हणाल्या की, थंडीत हात आत घेता येतील, हेच बरे. पुढे स्टुलाकडे पाहोन त्यांणी पुसिले की, हे डोके कोणाचे? आईसाहेब म्हणाल्या, "माझ्या लेकाचं."

सरकार सुखावले. मग मागे उभ्या राणीसाहेब दिसल्या. मग जीव मोठा करोन म्हणाले, "नाही, मावशी. स्टूल हिचं, डोकंही हिचंच. मी फक्त गाडी उंच केली, ती इतकी की आईच चढेना."

"ठाऊक आहे मला," आईसाहेब म्हणाल्या. "तो बोल्ट सकाळभर आवळत होतास, तेही ठाऊक होतं. बरण्यांची झाकणं उघडण्यात जन्म गेला माझा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"किती रंगला होतास! म्हटलं, रंगू दे."

राणीसाहेब पदर तोंडास लावोन जे हसल्या ते थांबेनात, आणि सरकारांनी कपाळीच्या टेंगळास हात लाविला.

येणेप्रमाणे डोंगरमाथा फत्ते जाला आणि दोघी बहिणींची भेट पार पडली. फत्तेचा मान राणीसाहेबांचे स्टुलास देण्यात आला, आणि शूर पाइप काढोन त्यातून तुळशीकडे पाणी नेले. राणीसाहेबांस नवे स्टूल नजर केले, आणि जुने जीपच्या दाराखाली कायमचे जडवावयाचे ठरिले. त्या कामी सरकार गाडीखाली शिरले, पान्हा बोल्टास लाविला, आणि पिळण्यापूर्वी तोंड बाहेर काढोन ओट्यावरील आईसाहेबांस अर्ज केला की, कोणीकडे फिरवू?