पुडीच्या कागदाची पारू

इंदूबाई वाण्याकडून साखर आणत, ती डब्यात ओतत आणि मोकळी झालेली खाकी पुडी शाळेतल्या पोरांच्या गालाला लावून बघत. "हा रंग तुझा नाही. तू जरा जास्त भाजलायस," असं म्हणून दुसरी पुडी काढत. त्या आमच्या गावच्या बालवाडीच्या बाई आणि मी शेजारच्या खोलीतला दुसरीचा मास्तर. मधे नुसता कूड, त्यामुळे त्यांचं सगळं मला फुकटात ऐकू येई.

दरवर्षी त्या प्रत्येक पोराकडून ज्याचा त्याचा चेहरा करून घेत आणि वर्गाच्या भिंतीवर लावत. कात्री नाही, रंग नाही. कागद हातानं फाडायचा आणि भाताच्या खळीनं चिकटवायचा. निम्मी खळ पोरांच्या पोटात जाई. नाक नकटं तर नकटं, कान सुपाएवढे तर सुपाएवढे. कोणी कुरकुरलं की बाईंचं ठरलेलं, "आहे ते आहे!" सरपंचांचा नातू तिरळा, तर त्याचा कागदी डोळाही तिरळाच. सरपंच भांडायला आले तेव्हा बाई म्हणाल्या, "आहे ते आहे. तुमच्यावरच गेलाय."

बाई स्वतः काळ्या होत्या, चांगल्या काळ्या. त्यांना ठिकठिकाणी दाखवून वडील थकले आणि तसेच वारले. गोरे साहेब नुकतेच देश सोडून गेले होते; गोऱ्या रंगाला मात्र आमच्या लोकांनी ठेवून घेतलं. स्वतःचा चेहरा बाईंनी कधी केला नाही. पोरांनी हट्ट धरला की म्हणत, "माझ्या रंगाचा कागद वाण्याकडे येत नाही."

त्या वर्षी पारू आली. कोळीवाड्यातून शाळेत आलेली ती पहिली मुलगी. तिनं सगळ्यात गडद पुडी निवडली आणि असा हसरा चेहरा केला की बघणाऱ्यालाही हसू यावं. दुसऱ्याच दिवशी तिची आई मासळीची पाटी दारात आपटून आत घुसली.

"बाय, माज्या पोरीला भिंतीवर इतकी काली केलीस? अख्खा गाव बगतोय. उद्या हिला कोन पत्करील? काढ तो, न्हायतर पोरीला शालेत न्हाय धाडायची!"

मी कुडाला कान लावला, फटीला डोळा. आता ठरलेलं उत्तर येणार! ते आलं नाही. 'कोण पत्करील' हा प्रश्न बाईंच्या घरात फार वर्षं राहून गेलेला होता. त्या उठल्या, चेहरा उतरवला आणि पारूपुढे गुलाबी पतंगाचा कागद ठेवला. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंतीवर पारूचा गुलाबी चेहरा, आणि उतरवलेला गडद चेहरा बाईंच्या खुर्चीमागे.

"बाई, हा कोण?" पोरांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

पारू टक लावून बघत राहिली. "बाय, ती मी हाय ना?"

"आहेस. मोठी झालीस की घेऊन जा. तोवर मी सांभाळते."

पारू सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन उरणला गेली. माहेरी येते तेव्हा तोंडाला पावडर थापलेली असते. शाळेवरून जाताना ती पदर पुढे ओढते आणि पाय उचलते. ती येणार असं कळलं की बाई खुर्चीमागचा चेहरा पुसतात, सुटलेल्या कडेला नवी खळ लावतात आणि दारात जाऊन उभ्या राहतात. अजून तरी ती आत आलेली नाही.